तलफ मोजणारा चष्मा : सोलापुरातल्या होटगी रोडच्या व्यसनमुक्ती क्लिनिकबद्दल

तपासणीला पाचपैकी पाच, उपचाराला तीन, जिन्याला शून्य. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि पायऱ्या अशा उभ्या की वर पोचेस्तोवर धाप लागते. मग तिथं बोटाला चिमटा लावून नाडी मोजणार! मी हे बोलून दाखवलं, तेव्हापासून आधी पंख्याखाली बसवतात.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. लूम अडला की हाक मलाच. दारू नाही, विडी-सिगारेट नाही, फक्त तंबाखू आणि चुना, तेही मिसरूड फुटायच्या आधीपासून. दातांच्या डॉक्टरनं गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला आणि सुनेनं त्याच रात्री मोबाइलवर हे क्लिनिक शोधून काढलं. "मामा, तिथं व्हीआरचा चष्मा लावून व्यसन बघतात." मला वाटलं डोळ्यांची तपासणी असेल.

आधी कागदावरचे प्रश्न झाले. उठल्यावर किती वेळात पहिला बार भरता, रस गिळता का, आजारी असलात तरी खाता का. असल्या प्रश्नांना आपली माणसं निम्मा आकडा सांगतात, त्यातून बायको शेजारी बसलेली असेल तर पावच. मीही त्यातलाच. क्लिनिकच्या मॅडमनी काही न बोलता लिहून घेतलं आणि डोळ्यांसमोर आभासी दृश्य उभं करणारा तो चष्मा चढवला.

पहिल्यांदा समुद्राखाली नेलं. मासे, बुडबुडे, निळं पाणी. हे नुसतं मूळ माप घ्यायला, म्हणजे काही नसताना तलफ किती आणि नाडी किती. दर थोड्या वेळानं मॅडम विचारणार, "काका, तलफ किती, शून्य ते दहा?" मग एक परदेशी बार आला. उंच स्टुलं, काचेचे पेले, गोरी माणसं. तलफ एक. मग कुणाच्या तरी घरची पार्टी, टेबलावर सिगारेटचं पाकीट, जिकडंतिकडं धूर. तरीही एक. बोलावणं नसताना कुणाच्या लग्नात शिरल्यासारखं वाटलं, तेवढंच.

पुढचं दृश्य मात्र आपल्या गावचं. चौफेर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यानं क्लिनिकवाल्यांनी ते स्वतः एका टपरीवर घेतलंय. मान डावीकडं वळवली की पुड्यांच्या माळा, मागं रिक्षा, उजवीकडं दोघं तेलुगूत बोलतायत, म्हणजे पूर्व भागातली टपरी असणार. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. माळांमध्ये काय लटकत होतं ते मी विचारलं नाही.) समोरच्या माणसानं तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना काढला, सावकाश मळली आणि वर दोन थापा मारल्या. थापेचा आवाज कानात शिरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मॅडमनी विचारलं, मी म्हणालो, "पाच." चष्मा उतरवल्यावर त्यांनी मोबाइलवर घेतलेला माझाच व्हिडिओ दाखवला. खुर्चीत बसलेला मी, डावा तळहात उघडा आणि त्यावर उजवा अंगठा गोल गोल फिरतोय. हातात काही नाही. नाडीचा आलेख नेमका त्याच ठिकाणी वर गेलेला. पाच म्हणणारा माणूस आणि तो अंगठा, यातलं खरं कोण बोलत होतं ते बायकोला लगेच कळलं. कागदावरचा निम्मा आकडा मग मी आपणहून दुरुस्त केला. म्हणून तपासणीला पाचपैकी पाच.

यामागचं शास्त्र तसं जुनं आहे. घंटेपाठोपाठ खाणं मिळायची सवय लागलेल्या, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला नुसत्या घंटेनंही लाळ सुटायची, आम्हाला थापेच्या आवाजानं सुटते. नवं आहे ते एवढंच, की घंटा खोलीत आणता येते. अमेरिकेत पॅट्रिक बॉर्डनिक या संशोधकांनी सिगारेट आणि दारूसाठी अशा आभासी खोल्या तयार करून तपासणी केली. बार्सिलोना विद्यापीठातल्या संशोधकांनी दारूसाठी घर, बार, पब, रेस्टॉरंट अशी वेगवेगळी दृश्यं बनवली. चष्म्यातल्या दृश्यानं खरी तलफ उठते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण त्यानं व्यसन कायमचं सुटतं का, याचा पुरावा अजून तेवढा पक्का नाही. हे मला क्लिनिकच्या मॅडमनीच सांगितलं, पैसे भरायच्या आधी. असं बोलणारी जागा मला पटते.

उपचार म्हणजे त्याच टपरीवर पुन्हा उभं राहायचं आणि खायचं नाही. तलफ चढते, तुम्ही चष्मा काढायचा नाही, आकडा सांगत राहायचं, आणि न खाताही तो उतरतो हे अंगाला कळू द्यायचं. सोबत नकार द्यायचा सराव. चित्रातला माणूस हात पुढं करतो, त्याचा आवाज मॅडम काढतात, "घ्या की मालक, एवढ्यानं काय होतंय?" आणि आपण मोठ्यानं म्हणायचं, "नको." रिकाम्या खोलीत हे ओरडताना लाज वाटते. बाहेरच्या बाकड्यावर बायको हसत होती, ऐकू येत होतं.

अडचण इथं आहे. एका जागी दाबलेली तलफ जागा बदलली की पुन्हा डोकं वर काढते, हे मानसशास्त्रातलं जुनं दुखणं. म्हणून दृश्यं जेवढी जास्त आणि जेवढी आपली, तेवढा उपयोग. या क्लिनिककडं बार आणि पार्ट्या ढीगभर, सोलापूरची टपरी एकच. तीही फार दिवस पुरत नाही. नंतर नंतर रिक्षा कधी येणार आणि तेलुगूवाला कधी हसणार हे पाठ झालं, आणि तलफ दोनच्या वर जाईना. मी बरा झालो की कंटाळलो, ते मलाच सांगता येईना.

माझी तलफ खरं तर टपरीवरची नाहीच. ती रात्रपाळीची. जेवण झालेलं, ताण्याचा धागा तुटून लूम थांबलेला, तो जोडला, लूम पुन्हा सुरू केला की हात खिशात जातो. हे मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "आवाज आणता का?" दुसऱ्या दिवशी मोबाइलवर लूमची खडखड भरून नेली. टपरीच्या दृश्यामागं ती लावली आणि दोनवर आलेला आकडा आठवर गेला! त्यानंतर आम्ही चित्र बंद करून नुसत्या आवाजावरही सराव केला. म्हणजे लाखाच्या सामानापेक्षा माझ्या मोबाइलमधली खडखड भारी पडली. आमच्या खात्यातच चित्रण करावं असं मी सुचवलंय. मालक अजून हो म्हणत नाहीत, त्यांना वाटतं कुणीतरी डिझाइन चोरेल.

चष्म्याच्या बारीकसारीक तक्रारी. अर्ध्या किलोच्या आसपास वजन नाकावर आणि कपाळावर येतं. आपला नंबरचा चष्मा आत बसतो, पण काडी कानाला टोचते. सोलापूरचा उन्हाळा असा की कपाळाची गादी भिजते आणि काचेवर वाफ धरते. दोन पेशंटच्या मध्ये ती गादी पुसतात, तरी मी आपला रुमाल नेतो. डोळ्यांना हलल्यासारखं दिसतं आणि कान सांगतात की आपण बसलोय, त्यामुळं मळमळ होऊ शकते. पोटभर जेवून जाऊ नका. फिट येत असेल तर आधीच सांगा.

बैठकीचे ₹८०० घेतात, डॉक्टरांची फी वेगळी. डॉक्टर निकोटिनचं च्युइंगम देतात. ते दातांखाली सारखं चावायचं नसतं, थोडं चावून गालात धरून ठेवायचं. आम्हाला ही सवय आधीपासूनच! बाकी डॉक्टरांचं काम झटपट असतं, खरा वेळ मॅडमच देतात.

तंबाखू सुटली का? दिवसाची सुटली. रात्रपाळीला अजून खातो, पण आता पुडी खिशात नसते, मागून घ्यावी लागते आणि मागताना लाज वाटते. गालाचा चट्टा दर तपासणीला दाखवतोय.

कुणी जावं? ज्याला "मला काही व्यसन नाही, मनात आलं की सोडीन" असं वाटतं त्यानं एकदा नुसत्या तपासणीला जावं. रोज पिणाऱ्या, सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाला मात्र आधी इथं आणू नका. त्याची दारू एकदम बंद झाली तर जिवावर बेतू शकतं, त्याला आधी डॉक्टरच्या देखरेखीत भरती करावं लागतं. ₹८०० परवडत नसतील तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा, आणि तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे. इथं यायचंच असेल तर संध्याकाळची वेळ मागा, दुपारी त्या खोलीचा पत्रा तापलेला असतो.