अग्निशिखा म्हणून विकलेली कळलावी

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या एका प्रदर्शनात मी ११,५०० रुपये घालवून बसलो. पैशांचं दुःख आहेच. पण आषाढी एकादशीला आमच्या स्वयंपाकघरात जे घडता घडता राहिलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो, म्हणून हे लिहितोय.

स्टॉलवर फुलाचा हा एवढा मोठा फोटो लावला होता. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक, कडा नागमोडी आणि सगळ्या वर वळलेल्या, जाळ पेटल्यासारख्या. खाली लिहिलं होतं, 'अग्निशिखा – औषधी वेल'. विकणारा म्हणाला, "काका, गच्चीवर पिशव्यांत लावा. बी आम्हीच नेतो, किलोला दोन हजार." एक कंद २५० रुपयांना, असे ४० घेतले. वर १,५०० रुपये 'नोंदणी'. स्टॅम्प पेपरवर करार, खाली गोल शिक्का. घरात नातवंडं आहेत, काही अपाय नाही ना, असं मी विचारलं होतं. "औषधी हाय की ओ, काय करतंय?" म्हणत त्यानं पिशवीला गाठ मारली.

मृग लागल्यावर ३६ कंद लावले. चार राखून ठेवले, कुठं मर पडली तर तिथं लावायला. ते चार स्वयंपाकघरातल्या कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी राहिले, ही माझी चूक.

एकादशीला सूनबाई रताळी सोलत होती. त्यातच तिनं हे कंदही धुऊन घेतले. करांदे किंवा कोनफळासारखं उपवासाचं काहीतरी असेल असं तिला वाटलं. सुदैवानं माझी भाची त्या दिवशी आली होती. ती शिवाजी विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकलेली. तिनं एक कंद उचलला, दोन फाट्यांचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि सुरी खाली ठेवायला लावली. "मामा, ही कळलावी. हिला संस्कृतात लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर. कंद बघा, नांगरासारखाच."

सूनबाई मटकन खालीच बसली. ती कोकणातली. हे फूल तिनं लहानपणापासून पावसाळ्यात कुंपणावर पाहिलेलं, त्याला ती 'गौरीचे हात' म्हणते. पण जमिनीखालचा कंद कधी बघायची वेळच आली नव्हती.

कळलावीच्या सगळ्या भागांत विष असतं, कंदात आणि बियांत भरपूर. त्यातलं मुख्य द्रव्य कोल्चिसीन. गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर डॉक्टर हेच औषध अगदी मोजक्या मात्रेत देतात. आयुर्वेदात ही वेल आहे, पण उपविषांत गणलेली, आणि शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. म्हणजे 'औषधी' हा शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मी फसलो. कंद पोटात गेला तर त्रास लगेच होईल असं नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. कुणी चुकून खाल्लाच तर लक्षणांची वाट बघत थांबू नका. उरलेला तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

आणि विकणाऱ्यानं कळलावी हे नाव का टाळलं, तेही आता कळतं. आमच्याकडं ही वेल दारात लावली तर घरात कळ लागते, म्हणजे भांडणं होतात, असं म्हणतात. ते नाव कानावर पडलं असतं तर आमच्या मंडळींनी पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती.

३६ पैकी ११ उगवले. बाकीचे भाचीनं उकरून दाखवले. कळलावीच्या प्रत्येक फाट्याला टोकाशी एकच डोळा असतो. तो मोडला की कंद आत कुजतो, उगवत नाही. त्या बाबानं एकेका कंदाचे तीन तुकडे केले होते आणि कापलेल्या तोंडाला राख फासली होती. मधल्या तुकड्यांना डोळाच नव्हता. विकत घेताना ती राख मी बोटानं पुसून बघितली असती तर तिथंच उघडं पडलं असतं.

उगवलेल्या वेली श्रावणात फुलल्या. पानांची टोकंच तारेसारखी वळून काठीला धरतात. फूल हिरवट उमलतं, मग पिवळं, मग लाल. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण फुलाची परागवाहिनी, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, बुडाशीच काटकोनात बाहेर वळलेली असते, त्यामुळं आपलं आपण परागीभवन सहसा होत नाही. तमिळनाडूत या बियांची शेती होते, तिथं सकाळी हातानं पराग लावतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. भाचीनं कापसाची काडी हातात दिली तेव्हा निम्मी फुलं वाळून गेली होती. शेवटी बी मिळालं जेमतेम ६० ग्रॅम.

करारावरचा फोन तोवर बंद झाला होता. पत्त्यावर गेलो तर तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानदाराकडं माझ्याआधी तिघं विचारून गेले होते. औषधी मालाच्या एका व्यापाऱ्यानं बी हातात घेतलं, आणि एवढ्याशा मालाला गिऱ्हाईक नसतं म्हणून परत दिलं. पैसे मोबाईलवरून दिले होते, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पण तीही चार महिन्यांनी. तुम्ही त्याच दिवशी करा.

त्या स्टॉलवर माझ्यापुढं दोन बायका होत्या. एकीच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ होतं, आणि तिनं दहा कंद घेतले. ती कुठली, काही माहीत नाही. हे वाचताना कुणाला ओळखीची वाटली तर तिला आजच सांगा, ते कंद घरात राहिले असतील तर आधी बाहेर काढ.