इंजिन ऐकलं, एक्सल बघितला नाही

काजूचे पैसे हातात आले आणि मिरगाच्या आत पॉवर टिलर (हाताने धरून चालवायचं नांगरणीचं मशीन) घ्यायचाच, असं डोक्यात बसलं. कणकवलीच्या बाजूला जुनी मशिनं विकणारा एक दलाल आहे. त्याच्याकडचा १२ हॉर्सपॉवरचा टिलर निळ्या रंगात कोरा करकरीत दिसत होता. "दादा, दोनच पावसाळे चाललाय." पहिल्या हँडलला इंजिन सुरू. मी कान लावून आवाज ऐकला, धूर बघितला आणि ७० हजार मोजले. पावती मागायची लाज वाटली!

खाली वाकून काही बघितलंच नाही. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकाला मिळते ती एक्सलवरून, म्हणजे चाकाच्या दांड्यावरून, आणि मशीनचा भारही त्याच्यावरच. कोरड्या अंगणात, रबरी टायरवर त्याला काही कळत नाही. चिखलणीला लोखंडी केजव्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावली आणि चाक बांधाला अडलं, की सगळा पीळ एक्सलला बसतो.

दुसऱ्याच कुणग्यात (भाताच्या खाचरात) टणकन् आवाज झाला आणि टिलर एका कुशीवर बसला. वरून पाऊस. पाच जणांनी बांबू घालून ते धूड बांधावर काढलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेकॅनिकने एक्सलचं तुटलेलं टोक पुसून माझ्यासमोर धरलं. "ह्यो आज मोडूक नाय, आधीच मोडलेलो आसा." निम्मा भाग गंजून काळा, उरलेला ताजा, चकचकीत, दाणेदार. जुन्या तड्यावर वरवर वेल्डिंग मारलेलं, ग्राइंडरने घासून वर रंग. एक्सलचं पोलाद आधी नीट गरम न करता वेल्डिंग केलं, तर जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो. नेमका तिथेच गेला.

दलाल म्हणाला, "चिखलात घातल्यावर आमची जबाबदारी नाय." कागदच नव्हता, भांडणार कशावर?

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा सोबत पॉलिश पेपर, फडकं आणि खडू न्या. एक्सलवरचा रंग खरवडा, डिझेलचं फडकं फिरवा (रॉकेल आता मिळतंय कुठे), थोडं थांबून कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असला तर आत मुरलेलं डिझेल वर येतं, पुडीवर ओली रेघ उमटते. विकणारा हे करू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा. चाक उचलून हलवा, खडखडलं तर बेअरिंग ढिलं. गिअरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय. माझ्या टिलरचं तेही तसंच निघालं. पावतीवर इंजिन आणि चासिसचा नंबर लिहून घ्या.

नवा एक्सल यायला नऊ दिवस लागले. तोवर तरवा (लावणीची भातरोपं) जून झाला. खालचे दोन कुणगे यंदा पडीकच आहेत.