झाकणाच्या फोनचे साडेआठ महिने

गेल्या मंगळवारी तुर्भे स्टेशनवर फोन उघडला तर पडदा पांढराफटक. बटणं चालू, रिंग चालू, पण कोणाचा फोन आहे ते दिसेना. अंदाजाने हिरवं बटण दाबलं तर पलीकडे कर्ज देणारी बाई. फट्कन झाकण लावलं. तेवढं मात्र तेव्हाही झकास चाललं!

हा फोन मी हौसेने घेतलेला नाही. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर मोठ्या फोनची काच फुटली आणि दुकानदाराने नव्या काचेचे ६,८०० सांगितले. एपीएमसीच्या दाणा मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते मी, ६,८०० मला नुसत्या काचेसाठी पटेनात. २,३०० ला हा घेतला, तात्पुरता म्हणून. माझं सिम जिओचं, त्यामुळे फोरजी आणि व्होल्टी (म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय) असलेलाच बघावा लागला. नुसता टूजी फोन त्या सिमवर चालत नाही. घेणाऱ्यांनी एवढं आधी विचारा, नाहीतर घरी येऊन 'नो सर्व्हिस' बघत बसाल.

पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर 'अजिबात घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं. कारण एकच, याला बाहेरून पडदा नाही. किती वाजले बघायचं, उघडा. कोणाचा फोन आहे बघायचं, उघडा. आणि उघडला की कॉल आपोआप उचलला जायचा! शेठ समोर उभे, मी नुसतं नाव बघायला झाकण उचललं, आणि नणंदबाईंचं "अगं, त्या लोणच्याचं काय झालं?" अख्ख्या पेढीने ऐकलं. याचा आवाज भलताच मोठा आहे, सासूबाईंना तेवढंच आवडतं. उघडताच उत्तर देणं सेटिंगमधून बंद करता येतं, हे मला तिसऱ्या महिन्यात शेजारच्या सातवीतल्या मुलाने दाखवलं. तेव्हापासून आमचं बरं जमलं.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. रविवारी रात्री लावते, पुन्हा गुरुवारी. घरातला जुना चार्जर चालतो, म्हणजे तोही खर्च वाचला. रेडिओला इअरफोनची वायर लागते, कारण तीच अँटेना. ठाणे ते तुर्भे बसायला जागा मिळाली तर आकाशवाणी लावते, नाही मिळाली तर वायर सांभाळत उभं राहणं जमत नाही. मेसेज लिहिणं हा मात्र छळ आहे. मराठीत लिहिलं की एका मेसेजमध्ये ७० अक्षरं, इंग्रजीत १६०; त्यात 'ळ' शोधेपर्यंत रबाळे स्टेशन येतं. मी आता सरळ फोनच करते.

पैशांचं म्हणाल तर साध्या फोनसाठी २०२२ मध्ये यूपीआय १२३पे (इंटरनेटशिवाय, नुसता फोन लावून पैसे द्यायची सोय) आलं आहे, आणि ते चालतं. भाजीवाल्यासमोर ४० रुपयांसाठी करून बघितलं. फोनमधला आवाज 'हे दाबा, ते दाबा' सांगत होता, मागे चार जण थांबलेले. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, उद्या द्या." तेव्हापासून पर्समध्ये सुट्टे ठेवते. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप सुटला याचं दुःख नाही, फक्त पाणी बंद असल्याचं आम्हाला रिकामा नळ सांगतो.

तर मंगळवारचा पांढरा पडदा. बुधवारी अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने फोन दोनदा उघडला, मिटला आणि म्हणाला, "मॅडम, बिजागरीजवळ गेलाय. फिजिकल डॅमेज. वॉरंटीत नाही बसत."
"पडला नाही, भिजला नाही. डॅमेज कसला?"
"जास्त वेळा उघडलाय."
"दादा, मिटलेला फोन कानाला लावून बोलू का?"
त्याने १,४५० आणि दहा दिवस सांगितले. मी फोन उचलून बाहेर पडले.

नौपाड्यात एका गाळ्यात दुरुस्तीवाले काका बसतात, त्यांनी भिंग लावून दाखवलं. खालचा बटणांचा भाग आणि वरचा पडदा यांना जोडणारी एक पातळ पट्टी बिजागरीतून जाते. झाकण उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा ती वाकते. तिथेच चीर गेली होती. ३५० रुपये, पाऊण तास.

रात्री मी हिशेब मांडला. फोन येतात जेमतेम दहा-बारा, पण वेळ बघायला धरून दिवसातून ६० वेळा तरी उघडते. आठ महिन्यांत १४,४०० वेळा. म्हणजे पट्टी बोलण्याने गेलीच नाही, घड्याळ बघण्याने गेली! बाहेर चार आकड्यांची एक काच बसवली असती तर कंपनीचे किती रुपये वाढले असते? तुम्ही घेणार असाल तर दुसरं काही बघू नका, बाहेर वेळ दिसते का तेवढं बघा. शंभर-दोनशे जास्त गेले तरी द्या, आणि हे मी सांगते आहे.

मी आता आईचं एचएमटी घड्याळ कपाटातून काढलंय, चावीचं, म्हणजे सेलचाही खर्च नाही. फोन दिवसाला पंधरा वेळा उघडतो. तात्पुरता होता, पण काचेचे ६,८०० अजून दिलेले नाहीत.

काल सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला. आमची सेवा कशी वाटली, खालच्या लिंकवर जाऊन कळवा. ती लिंक या फोनवर उघडत नाही, म्हणून पेढीच्या कॉम्प्युटरवर इथे लिहिलं.