बर्गन आणि हार्डांगरच्या मैफिली: कुठं पैसे घालावेत, कुठं नाही

नॉर्वेतल्या बर्गनला येणाऱ्या माणसाची यादी ठरलेली असते. फ्लोयेन डोंगरावर जाणारी ती चढाची रेल्वे, ब्रिगनच्या वाकड्या लाकडी घरांपुढं फोटो, एक फियोर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) क्रूझ आणि पाऊस. पाऊस यादीत नसला तरी येतोच, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो इथं. संगीत या यादीत कुणी फारसं धरत नाही, धरलं तरी "ग्रीगचं घर बघून येऊ" इतकंच. मी इथंच राहतो, जमेल तसं ऐकत असतो, म्हणून म्हटलं एकदा सगळ्याचा मिळून रिव्ह्यू लिहून टाकू, एका जागेचा नाही, अख्ख्या भागाचाच. माझं मत आधीच सांगतो: इथलं संगीत, म्हणजे इथल्या मातीतलं जे आहे ते, मोठ्या हॉलमध्ये ऐकायचं नाही, लहान लाकडी खोलीत ऐकायचं आणि ज्या सीझनचं त्या सीझनला ऐकायचं. ज्यांनी हे पाळलं नाही ते "ठीक होतं" म्हणत परत गेलेत.

सगळ्यात सोपी आणि सेफ जागा म्हणजे ट्रोल्डहाउगन. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग (१८४३ ते १९०७) आणि त्याची बायको नीना, ती स्वतः गायिका होती, दोघं १८८५ मध्ये या घरात राहायला आले आणि उन्हाळे इथंच काढायचे. घर छान आहे पण घर म्हणजे म्युझियम, दोऱ्या बांधलेल्या, दहा मिनिटांत बघून होतं. खरी गंमत शेजारच्या ट्रोल्डसालनमध्ये. १९८५ ला बांधलेला छोटा हॉल, साधारण २०० खुर्च्या, छपरावर गवत, आणि उतारात असा बसवलाय की वरून चालत आलात तर पटकन दिसतसुद्धा नाही. स्टेजच्या मागं भिंतीऐवजी काच आहे. पियानोवाला वाजवत असतो आणि त्याच्या पाठीमागं खाली ग्रीगची ती छोटी लाल झोपडी, जिथं बसून तो लिहायचा, आणि तिच्या पलीकडं नूर्दोसचं तळं. त्या झोपडीत तो एक चिठ्ठी ठेवून जायचा असं सांगतात, चोरासाठी, की बाबा आत शिरलास तर या कागदांना हात लावू नकोस, माझ्याशिवाय कुणाला त्यांचा उपयोग नाही. मला हे वाचल्यापासून तो माणूस जरा जास्तच आवडायला लागला.

उन्हाळ्यात इथं जवळजवळ रोज दुपारची मैफल असते, अर्धा तासाची, बहुतेक वेळा एकटा पियानो. वाजवणारे चांगले असतात, तरुण असले तरी तयारीचे. तक्रार एकच, की प्रोग्राम फार सावध असतो, क्रूझवरून उतरलेल्या मंडळींना ओळखीचं वाटेल तेच. ट्रोल्डहाउगनमधल्या लग्नदिवसाची जी रचना आहे, ओपस ६५ मधली (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक), ती ऐकायला मिळण्याचा चान्स भरपूर, आणि ती संपली की अर्धं पब्लिक बसकडं पळतं. अर्धा तास म्हणजे कान तापतात न तापतात तोच टाळ्या. म्हणून ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी संध्याकाळची मैफल बघावी, ती लांब असते, प्रोग्रामही जरा धीट असतो आणि जूनमध्ये रात्री दहालाही काचेबाहेर उजेड असतो. घराच्या दिवाणखान्यात १८९२ चा स्टाइनवे पियानो आहे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिळालेला, त्यावरही अधूनमधून मोजक्या लोकांसमोर वाजवतात. ते तिकीट दिसलं तर विचार करत बसू नका.

जायचं कसं, तर सिटी सेंटरमधून बीबानेन म्हणजे लाइट रेल पकडायची, होप स्टॉपला उतरायचं आणि तिथून वीसपंचवीस मिनिटं चालायचं. चालणं सुंदर आहे पण आईवडील बरोबर असतील तर टॅक्सी करा, शेवटी चढ आहे आणि ओल्या रस्त्यावर चपला घालून येऊ नका.

आता हार्डिंगफेले. हेच खरं या भागाचं वाद्य आणि याच्यासाठीच मी एवढं टाइप करतोय. दिसायला व्हायोलिन, पण मानेवर सिंहाचं नाहीतर ड्रॅगनचं डोकं, अंगावर काळ्या शाईची नक्षी, शिंपल्याचे तुकडे जडवलेले. वर वाजवायच्या चार तारा आणि त्यांच्या खाली आणखी चार किंवा पाच, ज्यांना गज लागतच नाही, वरच्या वाजल्या की त्या आपल्या आपण गुणगुणतात. सारंगी किंवा सतार ऐकलेल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, तरफा आहेत त्या सरळ सरळ. सगळ्यात जुनं म्हणून जे दाखवतात त्यावर १६५१ साल आहे आणि ते उलेन्सवांगच्या यास्ताद नावाच्या कारागिराचं, म्हणजे हार्डांगर फियोर्डच्या काठचंच. सुरात लावायच्या पद्धती वीसच्या वर आहेत, त्यातल्या एकीला ट्रोलचं, म्हणजे इथल्या लोककथांतल्या राक्षसाचं नाव आहे, आणि एका काळात धार्मिक लोकांनी हे सैतानाचं वाद्य म्हणून जाळायलाही लावलं होतं. ऐकलं की कळतं त्यांना भीती का वाटली असेल. एका माणसाच्या हातात एक वाद्य असतं आणि खोलीत तीन जण वाजवतायत असं वाटत राहतं.

पण इथंच लोक फसतात. फियोर्डकाठच्या एका हॉटेलात डिनरबरोबर "अस्सल लोकसंगीत" म्हणून मी एकदा पैसे मोजले होते, नाव लिहीत नाही. वादक बिचारा चांगला होता, पण त्याला माइक लावून स्पीकरमधून वाजवायला लावलं, वर काट्याचमच्यांचा आवाज, आणि त्या खालच्या तारांचं जे झुळझुळणं असतं ते पूर्ण गेलं. राहिलं काय, तर कर्कश व्हायोलिन. बाजूच्या टेबलवरचे काका म्हणाले, "आवाज जरा कमी करा ना." मला त्यांचा राग नाही आला, त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा नियम असा ठेवा की माइक दिसला की निघा, किंवा निदान पहिल्या रांगेत जाऊन बसा.

दुसरं म्हणजे हे नाचायचं संगीत आहे. वादक पाय आपटतो ते जोशात येऊन नाही, तो पाय हाच तबला आहे समजा. स्प्रिंगार नावाचा प्रकार तीन मात्रांचा असतो पण तिन्ही मात्रा सारख्या नसतात, टेलेमार्क भागात पहिली लांब आणि तिसरी आखूड, वाल्ड्रेस भागात गेलात तर पहिलीच आखूड. मी बोटांवर मोजायला जातो आणि दरवेळी समेवर चुकतो, आणि समोर सत्तरीची आजी न मोजता गिरकी घेत असते. म्हणून खुर्चीवर बसून ऐकण्यापेक्षा जिथं नाच आहे तिथं जा. कप्पलाइक म्हणून स्पर्धा असतात, पहिली १८८८ ला टेलेमार्कमधल्या बो गावात झाली होती, आता देशभर होतात. दिवसभर एकेक जण येऊन परीक्षकांसमोर वाजवतो, ते ऐकायला खरं सांगायचं तर तासाभरानं जड जातं, सगळं एकासारखंच वाटायला लागतं. पण रात्री जमिनीवरचा नाच सुरू झाला की तेच वादक वेगळेच वाजवतात. तिकीट एकाच गोष्टीचं काढायचं असेल तर रात्रीचं काढा.

यासाठी वॉस हे गाव बेस्ट. बर्गनहून ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास. वसंतात, ईस्टरच्या आधीच्या वीकेंडला वॉसा जॅझ असतो, १९७० च्या दशकापासून चालू आहे, नाव जॅझ असलं तरी लोकसंगीतवाले त्यात घुसलेले असतात आणि दरवर्षी एका कलाकाराला नवीन रचना करायला सांगतात, ती तिथंच पहिल्यांदा वाजते. ती कधी जमते कधी नाही जमत, पण मला त्यातच मजा येते, कारण हॉलमधल्या कुणालाच माहीत नसतं पुढं काय येणार. त्या दिवसांत बाहेर डोंगरावर बर्फ, स्की करून आलेले लोक तसेच जाड बुटात मैफलीला. हॉटेलं मात्र लवकर भरतात, आणि परतीची शेवटची ट्रेन कितीला आहे ते मैफलीला बसायच्या आधी बघून ठेवा.

मे महिन्याच्या शेवटी हार्डांगरमध्ये फळझाडं फुलतात आणि त्याच सुमाराला, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत, लोफ्टहुस गावी हार्डांगर म्युझिकफेस्ट. चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं, जास्त, काही मैफिली उलेन्सवांगच्या जुन्या दगडी चर्चमध्ये. ग्रीगची आधीची एक झोपडी इथल्या हॉटेलच्या बागेत आहे, तीही बघून होते. ट्रेन नाही, राहायचं महाग. इथं मी एकच प्रकार शोधतो: ग्रीगच्या ओपस ७२ चे तुकडे. झालं असं की टेलेमार्कचा एक म्हातारा वादक, क्नूत दाले, त्यानं ग्रीगला पत्र लिहिलं की मी मेलो की या चाली माझ्याबरोबर जातील, कुणीतरी उतरवून घ्या. मग व्हायोलिनवाल्या हालवोर्सननं ऐकून उतरवल्या आणि ग्रीगनं त्या पियानोवर आणल्या, १९०३ ला छापल्या. काही कार्यक्रमांत आधी फेलेवर, म्हणजे हार्डिंगफेलेवर, मूळ चाल आणि लगेच पियानोवर ग्रीगची, असं वाजवतात. पियानो कितीही भारी असला तरी त्या तरफा त्याच्याकडं नाहीत, आणि त्या भरून काढायला ग्रीगनं काय काय खटपटी केल्यात ते अशा वेळी कानाला कळतं. असा प्रोग्राम दिसला तर बाकीचे प्लॅन पुढं ढकला.

उन्हाळ्यात आणखी एक जागा, ल्यूसोएन बेट. ओले बुल (१८१० ते १८८०) हा व्हायोलिनवाला, त्याच्या काळातला जागतिक स्टार, यानं १८७३ ला तिथं घर बांधलं, कांद्यासारखा घुमट, आत सगळं पाइन लाकडाचं कोरीवकाम, म्हणजे एवढ्या गंभीर देशात हे कुणी करू दिलं याचंच नवल. याच माणसानं १८४९ ला मिलारगुतेन या गरीब लोकवादकाला राजधानीत आणून स्टेजवर उभं केलं होतं. तिथला म्युझिक हॉल म्हणजे आवाजासाठी मला इथली सगळ्यात आवडती खोली. पण बेट आहे, बोटीनं जायचं, आणि जायच्या आधी उघडं आहे ना हे नक्की चेक करा. ओले बुलचा पुतळा शहरात मधोमध आहे, त्याच्या पायाशी धबधब्यात बसलेला फोस्सेग्रिम, म्हणजे लोककथांतला पाणभूत. लोककथा अशी की त्याला मांसाचा तुकडा दिला की तो फिडल शिकवतो, आणि तुकडा हडकुळा असला तर फक्त तारा जुळवायला शिकवतो, वाजवायला नाही. ओळखीचे काही गुरुजी आठवले मला, असो.

फेस्टस्पिलेने, म्हणजे १९५३ पासूनचा मोठा बर्गन फेस्टिव्हल, मेच्या शेवटी सुरू होतो आणि दोनेक आठवडे चालतो. मोठी नावं येतात, तिकिटं चढी असतात. माझा सल्ला, मोठी नावं सोडा आणि संगीतकारांच्या घरातल्या छोट्या मैफिली घ्या. होकोन्सहालेन ही १२६१ च्या सुमाराची दगडी राजसभा, तिथं कोरस अंगावर काटा आणतो पण फेले नको, आवाज इतका घुमतो की चालीचं पीठ होतं.

फुकटातलं म्हणाल तर बुएकोर्प्स. बर्गनची जुनी पद्धत, १८५० च्या दशकापासूनची, मोहल्ल्यामोहल्ल्याच्या पोरांची पथकं, खांद्यावर लाकडी बंदुका आणि धनुष्यं आणि पुढं ड्रम. थंडी सरली की सुरू होतात ते १७ मेच्या परेडपर्यंत आणि पुढंही. गणपतीच्या आधी ढोलपथकांची प्रॅक्टिस जशी चालते तसंच, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीसुद्धा तशाच. संगीत म्हणून मार्क द्यायचे तर कमीच देईन, पण शनिवारी सकाळी खिडकीखालून गेले की मी उठून बघतोच.

डिसेंबर हा वेगळाच सीझन. चार वाजता अंधार, आणि गावातलं प्रत्येक चर्च ख्रिसमसच्या मैफिलींनी भरलेलं. यात दोन प्रकार आहेत. एक टूर करणारे टीव्हीवरचे गायक, लाइट, धूर, महाग तिकीट, आणि मला विचाराल तर त्यासाठी चर्चची गरजच नव्हती. दुसरे स्थानिक कोरस, शाळेचा बँड, ऑर्गन, ज्यात कुणाची तरी मुलगी सोलो गाते आणि पहिल्या ओळीत तिचा आवाज थरथरतो. हेच बघा. शेवटी "डाइली एर योर्डन" हे भजन होतं तेव्हा सगळं चर्च उठून उभं राहतं आणि गातं, शब्द येत नसले तरी उभं राहायचं. काही चर्चमध्ये नुसतं एकत्र गाण्याचा कार्यक्रम असतो, त्याला तिकीट नसतं, दाराशी जमेल ते द्यायचं, आणि तेही लोक मोबाइलवरून देतात, नोटा कुणी बाळगत नाही. बाकं कडक असतात, कोट घडी करून खाली घ्या. नोव्हेंबरमध्येच बघून ठेवा, आयत्या वेळी चांगली तिकिटं मिळत नाहीत.

तिकिटाचं म्हणाल तर नॉर्वेत बाहेर जेवायला जे लागतं त्या मानानं लहान मैफिली स्वस्तच पडतात. आईबाबा ६७ च्या वर असतील तर "होनर" म्हणून ज्येष्ठांचं तिकीट विचारा, बहुतेक ठिकाणी असतं आणि आपण विचारलं नाही तर काउंटरवर कुणी स्वतःहून सांगेलच असं नाही. मैफलीत खोकायचं असेल तर दोन तुकड्यांच्या मध्ये खोका, सगळेच तेव्हा खोकतात. मध्यंतरात कॉफी आणि कधी वाफल, कॉफी ठीकठाक, वाफल घ्या.

जानेवारी फेब्रुवारीत आलात आणि यातलं काहीच नसेल तर बर्गन फिलहार्मोनिक आहेच, १७६५ सालचा ऑर्केस्ट्रा, ग्रीगनं स्वतः १८८० ते ८२ चालवलेला, गुरुवारी ग्रीगहालेनमध्ये वाजवतात. मोठा हॉल आहे, पण शंभर माणसं वाजवणार असली की मोठ्या हॉलबद्दल माझी तक्रार नसते. मागचं स्वस्त तिकीट घेतलं तरी ऐकू सगळं येतं.