वॉरंट रद्द झाल्याची म्हणून दिलेली पावती

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, कोर्टाची तारीख चुकली, घरी वॉरंट आलं. मग कोणीतरी एजंट गाठून देतो. "पावणं, तुम्ही कशाला येताय? आधारची झेरॉक्स आन् पाच हजार द्या, कॅन्सल करून आणतो." दोन दिवसांत पावती हातात. माणूस निर्धास्त होतो, आणि एक दिवस पोलीस दारात उभे राहतात.

ती पावती नीट बघा. बऱ्याचदा ती खोटी नसतेच. त्याच गाडीवर हेल्मेटचं किंवा सिग्नलचं जुनं ई-चलन थकलेलं असतं, ते पाचशे-हजार रुपये भरून एजंट त्याची पावती देतो. कोल्हापूरचा एमएच 09 नंबर तुमचाच, शिक्का सरकारी, म्हणून शंका येत नाही. पण वर चलन क्रमांक असतो. केस नंबर आणि कोर्टाचं नाव कुठंच नसतं. बाकीचे पैसे खिशात आणि वॉरंट जिथल्या तिथं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 72 सांगतं की वॉरंट काढणारं कोर्ट ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते लागू राहतं. हवालदारालाही ते रद्द करता येत नाही. कागलच्या कोर्टाचं वॉरंट असेल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा कोर्टात खेटे घालून उपयोग नाही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात तर ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. तिथं उभा राहून "आत ओळख आहे" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

वॉरंटवरचा केस नंबर घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख फुकट बघा. वकीलपत्रावर सही करून वकील नेमा. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात तारीख का चुकली ते खरं लिहा, दवाखान्याचे वगैरे कागद जोडा आणि स्वतः हजर राहा. जामीनपात्र वॉरंटवर रक्कम आणि किती जामीनदार हे लिहिलेलंच असतं. तेवढी पूर्तता केली की पोलीसच सोडतात. जामीनदाराचा सातबारा, घरफाळ्याची पावती किंवा पगारपत्रक तयार ठेवा. दारू पिऊन गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "दंडासकट आठ हजारांत मिटवतो" हे कोणा एजंटाच्या हातात नाही, शिक्षा न्यायाधीश ठरवतात.

आणखी एक चूक फार महागात पडते. वॉरंट रद्दचा आदेश होतो, पण पोलीस ठाण्याच्या नोंदीत वॉरंट तसंच राहतं. म्हणून आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या, ठाण्याला पत्र गेलं का ते विचारा आणि नक्कल मिळेपर्यंत अर्जाची पोच जवळ ठेवा.

पैसे आधीच गेले असतील तर ते परत मिळायची वाट बघत बसू नका. पहिल्यांदा कोर्टात हजर व्हा. वकिलाची ऐपत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला विचारा. एजंटाला पाठवलेल्या रकमेचा यूपीआय तपशील, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ती पावती जोडून पोलिसांत लेखी तक्रार द्या. फसवणूक फोनवरून झाली असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.