दंडावरचा शुगर सेन्सर: चौदा दिवसांचा (खरं तर बाराच) अनुभव

आधी पैशांचं सांगते, कारण मी एकतीस वर्षं बँकेत कॅशवर बसलेली बाई आहे. सेन्सर पडला ४,८०० रुपयांना. चालायला हवा होता १४ दिवस, चालला १२. म्हणजे दिवसाला चारशे रुपये. माझ्या ग्लुकोमीटरची एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते, तेव्हा तेवढ्याच पैशांत रोज वीस वेळा बोट टोचता आलं असतं. पण रोज वीस वेळा टोचणार कोण? आणि पहाटे चार वाजता उठून तर कोणीच नाही. माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

मला शुगर अकरा वर्षांपासून आहे. दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. गेली दोन वर्षं एकच कोडं सुटत नव्हतं. रात्री झोपताना मशीनवर १३०, आणि सकाळी चहाच्या आधी १६०. मधे पोटात पाण्याचा घोट सोडून काही नाही. आमच्या ह्यांनी याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. "अगं, फ्रिजचं दार रात्री वाजतं, मला ऐकू येतं." गेल्या दिवाळीत तर बेसनाचे लाडू मोजून डब्यात भरले होते, मला कळणार नाही अशा बेताने. कॅशियरला मोजणी शिकवायला निघाले! डॉक्टरांसमोरही हा विषय काढला तेव्हा मात्र मला खरोखर लागलं. डॉक्टर हसले, पण "रात्री जरा जपून हं, काकू" असं म्हणालेच.

मुलगा पुण्यात असतो. फोनवर आमची दोघांची भांडणं ऐकून तो कंटाळला आणि त्याने हा सेन्सर पाठवून दिला. "लाव दंडाला. काय ते एकदाचं दिसेल."

वस्तू अशी आहे: जुन्या पाच रुपयांच्या जाड नाण्यापेक्षा मोठी, पांढरी, गोल चकती. डब्यात एक ठोकळ्यासारखं प्लॅस्टिकचं यंत्र येतं. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटच्या पट्टीने पुसायचं, ते यंत्र टेकवायचं आणि दाबायचं. खट् आवाज होतो. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि कातडीखाली केसासारखी एक बारीक तार राहते, अर्धा सेंटिमीटरची. दुखलं किती? बोटाला टोचतो त्याहून कमी. डोळे घट्ट मिटून बसले होते, झालं तेव्हा कळलंसुद्धा नाही. पहिला तास तो काहीच सांगत नाही. त्यानंतर फोन चकतीजवळ नेला की आकडा, पुढे चढता किंवा उतरता बाण, आणि मागच्या आठ तासांची रेघ दिसते.

इथे पहिली अडचण. माझ्या फोनमध्ये ती एनएफसीची, म्हणजे नुसतं जवळ नेऊन आकडा वाचायची, सोयच नाही. मुलाचा जुना फोन येईपर्यंत डबा दोन दिवस तसाच पडून होता. घ्यायच्या आधी आपला फोन चालतो का ते बघून घ्या. दुकानदार सांगत नाही. दुसरी गोष्ट, मला मिळालेल्या अ‍ॅपमध्ये मराठी नव्हतं. मला चालून गेलं, पण माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी फोन बाजूला ठेवून दिला असता.

हे यंत्र रक्तातली साखर थेट मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतं. रक्तात बदल झाला की तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. म्हणून बोट टोचून आलेला आकडा आणि हा आकडा जुळत नाही, आणि पहिल्या दिवशी तर अजिबातच जुळत नाही. मी सवयीने दोन्हींचा ताळा मांडत बसले. कॅश जुळली नाही की मला घास उतरत नाही. दुसऱ्या दिवसापासून दहा-पंधरा टक्क्यांच्या आत फरक राहिला, तेव्हा नाद सोडला. आकड्यापेक्षा रेघ बघायची असते, हे लक्षात यायला मला तीन दिवस लागले.

तर, कोडं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला उठून फोन चकतीला लावला. रेघ रात्री अकरापासून पहाटे साडेतीनपर्यंत १२५-१३०च्या आसपास सपाट. साडेतीनला हळूच वर निघालेली, सहाला १५८. मी गाढ झोपेत, फ्रिज बंद, लाडू डब्यात. पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशीही तेच. डॉक्टरांकडे आहाराचं समजावून सांगणारी एक मुलगी बसते, तिला फोटो पाठवले. ती म्हणाली, "काकू, हे खूप जणांना होतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल वगैरे हार्मोन्स वाढतात, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. शुगर नसलेल्यांच्या अंगात तेवढं इन्सुलिन लगेच तयार होतं, तुमच्यात पुरेसं होत नाही." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे समोर पेपर वाचत होते, ते पेपरच वाचत राहिले. दुपारी मात्र न सांगता भाजी निवडून दिली. चार हजार आठशेपैकी निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

पण चकती माझ्याच बाजूची निघाली असंही नाही. सकाळचा चहा मी बिनसाखरेचा घेते, आणि त्याचा तोरा गेली दहा वर्षं मिरवते आहे. त्याच्याबरोबर दोन खारी. खारी गोड नाही, म्हणून ती माझ्या हिशेबात कधी धरलीच नव्हती. १५८ वर निघालेली रेघ चहा-खारीनंतर २२६. पोह्यांच्या आधीच! मैदा आणि वनस्पती तूप, दुसरं काय असतं त्यात. खारी बंद करून त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले तर तीच रेघ १७० च्या आसपास राहिली. आता सकाळी चहा समोर आला की जिभेला खारी आठवते, ते वेगळं.

आमच्या नणंदबाईंचा गुळावर फार विश्वास. "वहिनी, गुळाने काही होत नाही हो, लोह असतं त्यात." दोन दिवस दुपारी चारला एकेक कप चहा घेतला, एकदा साखरेचा, एकदा गुळाचा, चमचे मोजून. दोन्ही रेघा एकीवर एक ठेवल्या तर कोणती कोणाची ते सांगता येऊ नये. नणंदबाईंना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

सातव्या दिवशी आषाढी एकादशी आली. एकादशी, दुप्पट खाशी हे आपण हसत म्हणतो, आकड्यांत पहिल्यांदाच बघितलं. साबुदाण्याची खिचडी, एक वाटी, वर दही. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, म्हणून रेघ उडी मारेल असं वाटलं होतं. तासाभरात फक्त १९०. मी खूश! पण दाण्याचं कूट आणि तूप यांनी ती नुसती लांबवली होती. दोन तासांनी २३८, आणि साडेतीन तास झाले तरी २१० च्या खाली यायला तयार नाही. लॅबवाले पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, दोन तासांनी घेतात, पण माझ्या खिचडीची खरी मिजास त्यानंतर होती. रात्री भगर आणि आमटी. तिनेही काही सोडलं नाही. "भगर हलकी असते" हे वाक्य मी आता पोटापुरतं मानते, शुगरपुरतं नाही.

भाकरीचं मात्र मला वाईट वाटलं. ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठलं: २१४. शुगर झाली की सगळे सांगतात, पोळी सोडा, भाकरी खा. म्हणून मी दोनाच्या अडीच करून खात होते. मग एक प्रयोग केला. आधी वाटीभर काकडीची कोशिंबीर, मग मटकीची उसळ, आणि तिच्याबरोबर एकच भाकरी. जेवण झाल्याझाल्या चालायचं. बाहेर नाशिकचा आषाढातला पाऊस, म्हणून आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्येच वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं गाडीची किल्ली हरवली. १६६ च्या वर गेली नाही. दुसऱ्या दिवशी जेवण तेच, पण फेऱ्या न मारता मालिका बघत बसले, तर १९२. एका फेरीने किती उतरते ते सांगता येणार नाही, पण त्या वीस मिनिटांच्या तोडीची गोळी कोणत्याच केमिस्टकडे मिळत नाही. मिसळीचा प्रयोगही केला, एका रविवारी. त्याबद्दल एवढंच सांगते की तर्रीचा दोष नाही, पावाचा आहे.

आता घाबरवणारी रात्र. पहिल्याच रात्री पावणेतीनला बाथरूमला उठले आणि नवलाई म्हणून फोन लावला. ६२, लाल अक्षरात. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर कमी, हे मला माहीत आहे, आणि माझी एक गोळी तशी करू शकते हेही. ह्यांना उठवलं. घाम नाही, थरथर नाही, तरी यांनी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. आकडा चढला, पुढे पहाटेही चढला, सकाळी २०५! दुसऱ्या रात्री परत ६४. तेव्हा मात्र आधी बोट टोचलं: ११२. सकाळी त्या मुलीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "काकू, कोणत्या कुशीवर झोपता?" डाव्या. चकती डाव्या दंडावर. तिच्यावर वजन पडलं की तिथला पुरवठा दबतो आणि ती खोटा कमी आकडा दाखवते. दुसऱ्या कुशीवर झोपायला लागले आणि हा प्रकार थांबला. चौथ्या दिवसापासूनच्या पहाटेच्या रेघा मी खऱ्या मानते त्या म्हणूनच. अंगात काही लक्षण नसताना चकती भीती घालत असेल तर आधी बोट टोचा, हे डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवं. माहितीपत्रकात आत कुठेतरी आहे. तिथेच व्हिटॅमिन सी मोठ्या मात्रेत घेतलं तर आकडा खोटा वाढू शकतो आणि एमआरआयच्या आधी चकती काढावी लागते, हेही आहे. सर्दी झाली की लिंबाच्या चवीच्या गोळ्या चघळणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बारा दिवसच का, तर ब्लाउज. ही चकती बनवणाऱ्यांच्या घरी कोणी साडी नेसत नसावं. दंडाच्या मागे जिथे लावायला सांगतात, बरोब्बर तिथेच बाहीची कड येते. रोज ब्लाउज घालताना-काढताना ती अडकायची. नवव्या दिवशी एक बाजू सुटली, तेव्हा कागदी चिकटपट्टी भोवतीने लावली. मधलं बारीक छिद्र झाकायचं नसतं, ते उघडं ठेवलं. बाराव्या दिवशी लग्नाला जायचं होतं. घट्ट बाह्यांचं पैठणीवरचं ब्लाउज अंगातून काढलं आणि चकती त्याच्यासोबत निघून आली. कंपनीच्या नंबरवर फोन केला. मुलगी नम्र होती, पण चकती परत पाठवा म्हणाली. मी ती तोवर कचऱ्यात टाकली होती. तुमची पडली तर टाकू नका, आणि डब्यावरचा अनुक्रमांक जपून ठेवा. आंघोळीचं मात्र काही नाही, रोज डोक्यावरून पाणी घेतलं तरी चालली.

आठ तासांचंही ध्यानात असू द्या. चकती तेवढंच लक्षात ठेवते. एकदा रात्री दहाला फोन लावला आणि सकाळी पाहुणे आले म्हणून आठपर्यंत राहून गेलं, तर रेघेत दोन तासांचं भोक.

शेवटी अहवाल निघतो. माझी सरासरी १६८ आली. त्यावरून त्याने एचबीएवनसीचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीचा, अंदाज ७.३ दिला. लॅबचा दीड महिन्यापूर्वीचा ७.८ होता. ७० ते १८० च्या मधे माझा ६१ टक्के वेळ गेला, तो सत्तर टक्क्यांच्या वर हवा असतो. डॉक्टरांनी रेघा बघून एका गोळीची वेळ बदलली. कोणती आणि कशी ते लिहीत नाही, कारण वाचून कोणीतरी आपली बदलेल.

कोणी घ्यावा? इन्सुलिनवर असलेल्यांची, विशेषतः लहान मुलांच्या आईबापांची गोष्ट वेगळी, त्यांना तो रोजच्या गरजेचा असू शकतो, आणि रात्री कमी झाली तर वाजणारे प्रकारही मिळतात. माझ्यासारख्या गोळ्यांवरच्या माणसाने कायम लावायची गरज मला वाटत नाही. शेवटच्या तीन-चार दिवसांत मी ताटावर बसायच्या आधी, बसल्यावर आणि उठल्यावर फोन लावत होते, घास आणि आकडा एकदमच गिळत होते. चकती निघून आली तेव्हा थोडं मोकळंच वाटलं. पण वर्षातून एखाद्या वेळी, आणि त्या रेघा बघून समजावणारं माणूस असेल तर, पैसे फुकट जात नाहीत. नुसता आकडा बघून स्वतःच गोळ्या वाढवणार असाल तर त्यापेक्षा त्या पैशांच्या पट्ट्या घ्या.

दुसरा घ्यायचं ठरलं आहे. तो फराळाच्या आधी लावायचा की भाऊबीज झाल्यावर, यावर आमच्या घरी एकमत नाही. हे म्हणतात, आधी.