शुक्रवारचा ऑनलाइन मराठी बायबल अभ्यासवर्ग : एका सत्रानंतरचा अभिप्राय

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका भगिनीच्या सांगण्यावरून मी एका ऑनलाइन मराठी बायबल अभ्यासवर्गात नाव घातले. हा वर्ग दर शुक्रवारी रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉलवर भरतो. एक सत्र बारा आठवड्यांचे असते आणि शुल्क काही नाही. ज्याला जमेल त्याने ऐच्छिक देणगी द्यावी, एवढेच. वर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकांना जाहिरात नको असल्याने त्यांच्या इच्छेप्रमाणे मी नाव देत नाही. तरीही असे वर्ग आता बऱ्याच मंडळ्यांमधून सुरू होत आहेत, आणि त्यांत जावे की नाही असा विचार करणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटते.

या सत्राचा विषय ‘मतभेद आणि सहभागिता’ हा होता. वर्गाला नगर, पुणे, वसई, कोल्हापूर, नागपूर आणि दुबई येथून पंचवीस-तीस जण येत. त्यांत चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे होते, मेथडिस्ट होते, पेंटेकोस्टल होते आणि वसईच्या दोघी कॅथलिक भगिनीही होत्या. बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) कोणाला द्यावा, ख्रिस्ती स्त्रीने मंगळसूत्र घालावे का, शेजाऱ्यांनी आणून दिलेला प्रसाद घ्यावा की नम्रपणे नाकारावा, यांपैकी एकाही प्रश्नावर या मंडळींचे एकमत नव्हते. असे प्रश्न आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर निघाले की काय होते ते आपण सर्वजण जाणतो : वचनांच्या चित्रांची फेकाफेक होते, कोणीतरी कोणाला तरी ‘तुमचे तारण झाले आहे का?’ असे विचारतो आणि दोन-तीन जण गट सोडून जातात. मी स्वतः नातेवाइकांचे दोन गट अशाच प्रसंगी सोडले आहेत आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

या वर्गाचे वेगळेपण त्याच्या एका नियमात आहे. समोरच्याच्या मतावर आक्षेप घ्यायचा असेल, तर आधी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि तो ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. पहिले तीन आठवडे हा प्रकार मला कृत्रिम वाटला, वेळही फार जात असे. पण बोलणाऱ्याचे म्हणणे आपण किती अर्धवट ऐकतो, हे चौथ्या शुक्रवारी माझ्या लक्षात आले, कारण एका बंधूंचे म्हणणे मी तीनदा सांगूनही त्यांनी तीनदा नकारार्थी मान हलवली.

अभ्यासाची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, बायबलमधील रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायावर दोन आठवडे दिले होते. आहाराच्या प्रश्नावर पौल आपले मत लपवत नाही, कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही असे तो स्पष्ट सांगतो. आणि तरीही ज्यांचे मत बरोबर आहे त्यांनाच तो दुसऱ्यासाठी थांबायला सांगतो, हा मुद्दा सरांनी फार चांगला उलगडला. वर्ग घेणारे हे सर निवृत्त शिक्षक आहेत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा पंधरावा अध्यायही त्यांनी असाच नव्याने वाचायला लावला. त्या अध्यायाच्या आरंभी यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांची सुंता व्हावी का, हा मोठा प्रश्न सभेत बसून, वादविवाद करून सुटतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पौल व त्याचा सहकारी बर्णबा, आधीचा सोबती मार्क याला बरोबर न्यावे की नाही एवढ्या कारणावरून वेगळे होतात. पुढे आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना तोच पौल मार्काला घेऊन यायला सांगतो, कारण सेवेसाठी तो उपयोगी आहे. मधल्या काळात काय घडले ते शास्त्र सांगत नाही, आणि सरांनीही ते कल्पनेने भरून काढले नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो नागपूरवरचा पाठ. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या, म्हणजे त्याला चार दशके लागली. एकत्र येणाऱ्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच कळत्या वयातील विश्वासाच्या कबुलीशिवाय बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्टही होते. वलसाड-डहाणूकडे कार्य केलेले, तीन वेळा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे चर्च ऑफ द ब्रदरनही त्यांत होते. यांपैकी कोणालाही आपली समजूत सोडायला लावली गेली नाही. एकाच मंडळीत दोन्ही रीती मान्य झाल्या : कोणी बाळाचा बाप्तिस्मा करून पुढे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) घ्यावे, कोणी प्रार्थनेने बाळाचे देवाला अर्पण करून त्याच्या स्वतःच्या कबुलीची वाट पाहावी. मी जन्मापासून याच मंडळीत आहे, आणि आमच्या उपासनेच्या पुस्तकात दोन वेगळे विधी का आहेत, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. वाटाघाटीत अखेरपर्यंत असूनही ऐनवेळी बाहेर राहिलेल्या मेथडिस्ट चर्चची बाजू मांडायला सरांनी त्याच चर्चच्या एका सभासदाला बोलावले, हेही नोंदवायला हवे.

सातव्या शुक्रवारी बाप्तिस्म्यावर चर्चा झाली. पिंपरीचा एक तरुण म्हणाला की बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडणे हा नुसता विधी आहे. नगरच्या एक आजी नातीच्या मोबाइलवरून वर्गाला येतात, पडद्यावर त्यांचा अर्धाच चेहरा दिसतो. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. त्यांनी नियमाप्रमाणे आधी त्याचे म्हणणे सांगितले : “विश्वास कळत्या वयातच धरता येतो, म्हणून तान्ह्याचा बाप्तिस्मा खरा नाही, असं तू म्हणतोस. बरोबर?” तो म्हणाला, “होय, आजी.” मग त्यांनी सांगितले की त्यांचा पहिला मुलगा नऊ दिवसांचा होऊन दवाखान्यातच गेला, आणि त्याआधी पाळकसाहेबांनी नर्सकडून स्टीलची वाटी मागून घेऊन त्याला बाप्तिस्मा दिला होता. ती वाटी त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरली. वाटी लहानशी होती आणि तिच्या काठाला पोचा आलेला होता.

अशा वेळी पटकन प्रार्थना करून विषय संपवण्याची आपल्याकडे सवय आहे. सरांनी तसे केले नाही. बऱ्याच वेळाने ते त्या तरुणाला म्हणाले, “मत मागे घ्या असं मी म्हणत नाही. आजींना काय सांगाल?” तो म्हणाला, “आजी, वचनातून मला जे समजलं ते बदललं असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण तुमचं बाळ देवाजवळ आहे याविषयी मला शंका नाही. ‘नुसता विधी’ म्हणालो, तो शब्द मी परत घेतो.” आजी म्हणाल्या, “मत ठेव, बाळा. शब्द परत घेतलास, एवढं पुरे.”

आता उणिवा. वर्ग फुकट खात्यावर चालतो, त्यामुळे चाळीस मिनिटांनी कॉल तुटतो आणि सर्वांना पुन्हा जोडून घ्यावे लागते. वयस्कर मंडळींपैकी काही जण परत येतच नाहीत. देणगीतून हा खर्च सहज भागावा. वाचनाचे उतारे सहासष्ट पुस्तकांच्या बायबलमधूनच निवडले जातात. कॅथलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर पुस्तके आहेत, हे वसईच्या भगिनींनी सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते, आणि लक्षात आल्यावरही यादी बदलली नाही. पाहुण्याला बोलावून त्याचे ताट न मांडण्यासारखे हे आहे.

तिसरी उणीव मला जास्त खुपते. स्त्रियांनी उपदेश करावा का, हा विषय तीन वेळा ठरला आणि ‘एकोपा बिघडू नये’ म्हणून तिन्ही वेळा पुढे ढकलला गेला. ज्या वर्गाने आजींची वाटी समोर असताना न डगमगता बोलण्याचे धैर्य दाखवले, त्याने येथे कचरावे याचे मला दुःख झाले. मतभेदात कृपा दाखवायची तर मतभेद आधी टेबलावर यावा लागतो, आणि वाट पाहण्याची पाळी दर वेळी बहिणींवरच यावी हे न्याय्य नाही.

हे सर्व मी सरांना लिहून कळवले. त्यांनी उलट फोन करून चूक मान्य केली आणि ईस्टरनंतरच्या सत्रात तिसऱ्या शुक्रवारी हा विषय ठेवला. सुरुवात मी करायची आहे, आणि नियमाप्रमाणे मला आधी कोल्हापूरच्या एका बंधूंचे विरोधी मत मांडायचे आहे. त्यांच्याशी मी दोनदा फोनवर सविस्तर बोलले आहे. ते ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणतील इतक्या नेमक्या शब्दांत ते मांडणे मला अजून जमलेले नाही.